सात नंबरच्या मशीनचा नमदा

नवीन जालना,
मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार

प्रिय अक्षता,

खालचं खोकं आत्ताच उघडू नकोस. पत्र वर चिकटवलंय ते मुद्दामच, आधी हे वाचून घे. आपल्या सात नंबरच्या टाइपरायटर मशीनवर टाइप करतोय. सरकारने टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर नेली तेव्हापासून क्लासमधल्या बारापैकी अकरा मशीन एकेक करून भंगारात गेल्या आणि कॉम्प्युटर आले. ही एकच ठेवली, कारण हिच्यावर तू शिकलीस. आज ती टेबलावर अशी खडखडतेय की तुझी आई स्वयंपाकघरातून दोनदा ओरडून गेली. का खडखडतेय ते पुढे येईलच. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेमधे "हो दादा, बराबर आहे दादा" म्हणत राहतेस आणि मला जे सांगायचं ते नेमकं राहून जातं.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो, तरी गुरुवारची पूजा मांडायला ती चारदा वाकते आणि मग दिवसभर मला ऐकवते. क्लासला सध्या नऊ पोरं आहेत. एक मुलगी बदनापूरहून येते, तिची करंगळी अगदी तुझ्यासारखी आखडते. मी तिच्यावर ओरडतो आणि मग उगाच वाईट वाटतं. तू गेल्यापासून माझं ओरडणंही पूर्वीसारखं राहिलं नाही, असं आईचं मत आहे.

लिहायचं आहे ते तुझ्या सासऱ्यांबद्दल. तू मला अण्णासाहेबांशी नेहमी हसून बोलतानाच पाहिलंस. त्यामागे काय चालायचं ते कुणालाच माहीत नाही. माणूस किती सरळ! लग्नात मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. तीस वर्षं वीज मंडळात खांबावर चढले, आणि आता अख्ख्या आष्टीत कुणाचा मिक्सर बिघडो की पंखा जळो, पाय त्यांच्याच ओट्याकडे वळतात. वाकडा असता तर मला जळायला सोपं गेलं असतं. सरळ माणसावर जळायचं म्हणजे रोज स्वतःलाच चार कारणं शोधून द्यावी लागतात. मी ती शोधत होतो. पहिलं कारण तूच दिलंस. लग्नानंतर वर्षभर तू त्यांना मामा म्हणायचीस. मग एके दिवशी फोनवर सहज म्हणालीस, "बाबा शेतात गेलेत." मला क्षणभर वाटलं, हे बाबा कोण? बाप असून मला तू लहानपणापासून दादा म्हणतेस, तेव्हा बाबा ही जागा तशी मोकळीच होती, कुणी बसलं तर माझं काय गेलं? पण गेलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग ते कीबोर्डचं प्रकरण सुरू झालं. पुस्तकं टाइप करून तुझी बोटं दुखतात म्हणून अण्णासाहेबांनी स्वस्तातला एक कीबोर्ड मागवला आणि आला तसा खोलला. तोवर मला ठाऊक नव्हतं की लोक चांगला चालता कीबोर्ड विकत आणून पुन्हा सुटा करतात, एकेका बटणाखालचा स्विच चिमट्याने उपटतात, त्याची चिमुकली स्प्रिंग काढतात, ग्रीस लावून परत बसवतात, वरची बटणं आवडीच्या रंगाची घालतात, आणि हे सगळं हौस म्हणून. आपल्या जावईबापूंनी, मिथुनरावांनी, त्याचा व्हिडिओ काढला. ओट्यावर अण्णासाहेब मांडी घालून बसलेत, समोर स्टीलच्या ताटात स्विचचे तुकडे पापडांसारखे मांडलेत, आणि तू शेजारी बसून एकेक तुकडा त्यांच्या हातात देतेस. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. तू त्यात सहा वेळा हसतेस. खाली मी "खूप छान" लिहून हात जोडल्याचं चित्र टाकलं, ते टाकताना माझे दात एकमेकांवर घासत होते. आई म्हणाली, "कितींदा बघून राह्यले? तिथं का तुमचं लगीन लागून राह्यलं?"

पण खरं लागलं ते शेवटचं अर्धं मिनिट. कीबोर्ड तयार होतो, तू टाइप करायला बसतेस, आणि अण्णासाहेब कौतुकाने म्हणतात, "बघा, सूनबाई बोटाकडं बघून बी न्हाई राह्यली." तू हसून म्हणतेस, "सवय आहे." संपला व्हिडिओ.

सवय आहे! अगं, ती सवय काय आष्टीच्या बाजारात मिळाली होती? तू नऊ वर्षांची होतीस. खुर्चीवर दोन जाडजूड वह्या ठेवून तुला सात नंबरवर बसवायचो आणि तुझ्या हातांवर टॉवेल टाकायचो, बोटं दिसू नयेत म्हणून. तू टॉवेल नाकाने वर करून डोकवायचीस. मी पट्टी आपटायचो, पण तुला कधी लावली नाही, हे तुलाही माहीत आहे. बाकीच्या पोरांना मी दोन महिन्यांत टॉवेल काढून द्यायचो, तुझा वर्षभर काढला नाही. तुझी बोटं माझ्यापेक्षा चांगली होती आणि ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पंधराव्या वर्षी तू मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिलीस तेव्हा परीक्षकाने मला बाहेर बोलावून विचारलं होतं की पोरीला शिकवलं कुणी. मी म्हणालो, माझीच आहे. त्याने विचारलं एक आणि मी सांगितलं दुसरं, पण त्या दिवशी मला दोन्ही एकच वाटलं.

असो. दिवाळीला तू आलीस, टायपिंगचं काम अर्धं राहिलेलं म्हणून तो कीबोर्डही घेऊन आलीस, त्याच्या चिमट्यासकट. पोपटी आणि पिवळा. मी म्हणालो, छान आहे, पोपट बोलतो का? तू हसलीस आणि तो उलटा करून मला दाखवायला लागलीस. खालचं झाकण काढलंस, आणि एका जागी बोट ठेवून म्हणालीस, "दादा, इथली जोडणी सुटली होती, बाबांनी स्वतः सोल्डरचा डाग दिला. कुठल्या बटणाखाली माहीत आहे? ह च्या." तांब्याच्या बारीक रेघांमधला तो चकचकीत डाग खरोखर सुबक होता. मी चष्मा लावून बघितला आणि म्हणालो, बरं काम आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू आणि आई बाजारात गेलात, मी क्लासवर एकटाच होतो. चारच्या गाडीला मी तुला स्टेशनवर सोडलं, कीबोर्डची पिशवी मीच धरली होती.

तीन दिवसांनी तुझा फोन आला. ह उमटत नाही. आपल्या मराठी टाइपिंगमध्ये त्याच बटणावर खाली ह आणि वर ळ, म्हणजे एक बटण गेलं की ना हो लिहिता येतं, ना नाही. तुझं काम खोळंबलं. अण्णासाहेबांना पक्कं वाटलं की आपलाच डाग कच्चा राहिला. त्यांनी खालून तो पुन्हा तापवला, बसेना म्हणून आणखी तापवला, आणि शेवटी ती तांब्याची रेघच उखडून आली. सगळा कीबोर्ड मेला. पुढच्या फोनवर तू सांगत होतीस की ते दोन दिवस जेवले नाहीत, कीबोर्ड आणि डाग द्यायची सळई एका फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, आणि शेजारच्या द्वारकाबाई मिक्सर घेऊन आल्या तर त्यांना परत पाठवलं. "माझा हात कापून राह्यला आता. दुसऱ्याची वस्तू जाळायची का?" असं म्हणाले. आणि तू रडत होतीस, अक्षता. लग्नानंतर तू माझ्याशी फोनवर पहिल्यांदा रडलीस, आणि तेही त्यांच्यासाठी.

आता जे लिहितो ते वाचून तुला राग येईल, येऊ दे. मला आनंद झाला. तोंडाने मी "अरेरे" म्हणत होतो आणि पोटात पेढे वाटत होतो. आणि मग तू म्हणालीस, "दादा, तुम्हाला मशीनचं सगळं कळतं. तुम्ही द्याल का मला एक करून?" मला वाटलं, आली पोरगी परत. त्याच दुपारी बदनापूरच्या मुलीकडून मोबाइलवर सगळ्यात स्वस्त असा एक कीबोर्ड मागवून घेतला. चौथ्या दिवशी तो दारात आला.

माझा तोरा काय सांगू! तीस वर्षं बारा मशीनचं तेलपाणी करणारा माणूस मी, या प्लॅस्टिकच्या डबीची काय कथा? चिमट्याने चौऱ्याऐंशी स्विच उपटले. ते खोलताना तीन स्प्रिंगा उडाल्या, एक आईच्या पूजेच्या ताटात सापडली, दोन अजून बेपत्ता, नशीब खोक्यात चार स्विच जास्तीचे होते. मग मशीनच्या तेलाची ती जुनी नळी घेतली आणि प्रत्येक स्विचमध्ये दोन दोन थेंब सोडले. मशीनला आपण तसंच तर करायचो. सगळं जोडून टाइप करायला बसलो तर बटणं खाली गेली की वर यायला तयार नाहीत. आली तर पचपच आवाज करत येतात, आणि बोटं तेलकट. बदनापूरची मुलगी तोंडाला ओढणी लावून हसत होती. अख्खा रविवार मी कापसाच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन एकेक तुकडा पुसत बसलो.

शेवटी नाइलाजाने व्हिडिओ लावला. कुणाचा? दुसरा मराठीत कुठे आहे? अकरा वेळा जळत पाहिलेला तोच व्हिडिओ बाराव्या वेळी मी वही घेऊन पाहिला. अण्णासाहेब सांगतात, "तेल बिलकुल न्हाई, ग्रीस घ्यायचं, आन् ते बी खसखशीच्या दाण्याएवढं. कडेला लावायचं, पायाला न्हाई." अकरा वेळा मी हे ऐकलंच नव्हतं, मी तुझं हसणं मोजत होतो. त्यांच्या हाताकडेही तेव्हाच नीट पाहिलं. बारीक कुंचला धरलेला तो हात, पासष्टीच्या पुढचा, एवढासाही हलत नाही. माझं मनगट मला जाड पुस्तकावर टेकवावं लागतं.

पुढचे तीन आठवडे मी हेच केलं. क्लास सुटल्यावर दुपारी खिडकीपाशी बसायचं, दहा स्विच व्हायचे की उठायचं. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. शाळा सुटल्यापासून इतकं मन लावून काही नवीन शिकलो नव्हतो. सगळं जोडलं तरी आवाज मात्र पोकळ यायचा, रिकामा डबा वाजावा तसा. व्हिडिओत अण्णासाहेबांनी आत फोमची चादर घातली होती. फोम मलाही मिळाला असता, पण त्यांनी घातलं तेच मी कशाला घालू? मग सात नंबरच्या मशीनखालचा नमदा काढला. आठवतो का तुला तो? मशीनचा दणका टेबलाला बसू नये म्हणून खाली घालायचो तो करडा, जाड लोकरीचा तुकडा. त्याच्या एका कोपऱ्यावर तू शाईने मांजर काढलं होतंस आणि मी तुझे कान धरले होते. तो बेताने कापला, मांजराचा कोपरा वाचवला, आणि कीबोर्डच्या पोटात घातला. आता एकदा वाजवून बघ म्हणजे कळेल. मऊ, भरीव आवाज येतो. म्हणून मशीन आज टेबलावर उघड्या पायांनी उभी आहे आणि आईचं डोकं उठवतेय.

गेल्या सोमवारी शेवटचे स्विच बसवत होतो. एक जरा तिरका दाबला गेला आणि त्या बटणाचं अक्षर उमटेना. उपटून पाहिलं तर स्विचच्या खाली जे दोन तांब्याचे पाय असतात, केसाहून जरा जाड, त्यातला एक दुमडून पडला होता. चिमट्याच्या टोकाने सरळ केला, परत बसवला, उमटलं. मिनिटही लागलं नाही. मी तो चिमटा हातात धरून तसाच बसलो, संध्याकाळचा क्लास भरला तरी बसलो.

तुझ्या आईला मी तयार कीबोर्ड मोठ्या ऐटीने दाखवायला गेलो. तिने हात पुसत तो पाहिला आणि म्हणाली, "दिवाळीत मी बाजारातून आल्ते तव्हा पोरीचा चिमटा तुमच्या टेबलावर पडेल होता. मी पिशवीत टाकला आन् गप बसले. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तिकडं तो बिचारा माणूस हात बांधून बसला, आन् तुम्ही इकडं कारागिरी करून राह्यले." मी म्हणालो, तसं काही नाही. ती म्हणाली, "न्हाई ना? मंग लिहा पोरीला, तसं काही न्हाई म्हणून." आणि ती पूजेची फुलं निवडायला गेली. तिने आरडाओरडा केला असता तर मी वाद घातला असता.

तर लिहितो. त्या दुपारी मी तुझ्या कीबोर्डमधला ह चा स्विच उपटला. इतके दिवस मी स्वतःला सांगत होतो की नुसता बघायला काढला आणि घालताना पाय वाकला. ते खरं नाही. मी तो नखाने वाकवला आणि दाबून बसवून टाकला. चौऱ्याऐंशी बटणं होती, पण तू ज्याच्या खाली अण्णासाहेबांचा डाग दाखवला होतास तेच मी निवडलं, म्हणजे बंद पडल्यावर बोट त्यांच्याकडेच जावं. तसंच झालं. माळ्यावरचं फडकं खाली काढ, तो पोपटी कीबोर्ड घे आणि ह चा स्विच उपटून त्यांच्या हातात दे, एक पाय दुमडलेला दिसेल. त्यांचा डाग पक्का होता. हातही पक्का आहे, मी बारा वेळा पाहिलाय. हे पत्र तुझं वाचून झालं की त्यांना दे. वाचून सांगू नकोस, सगळं त्यांना स्वतः वाचू दे, पेढ्यांचंसुद्धा. मला ते काय म्हणतील त्याला मी तयार आहे. आता खोकं उघड. नव्या कीबोर्डमध्ये एक जागा मी मोकळी सोडलीय, ह ची. तिचा स्विच कागदाच्या पुडीत आहे, ग्रीस लावलेलं नाही. तो तू लावू नकोस, मिथुनरावांनाही लावू देऊ नकोस. तो अण्णासाहेबांनी लावायचा, त्यांच्या हाताने, त्यांच्या खसखशीच्या दाण्याएवढ्या ग्रीसने, आणि त्यानंतर द्वारकाबाईंचा मिक्सर. संक्रांतीला त्यांना घेऊन ये, मी पाया पडेन. फक्त एक मागतो, आणि मागायचा हक्क आता राहिला नसेल तरी मागतो. पुन्हा कधी ते म्हणाले की सूनबाई बोटाकडे बघत नाही, तर या वेळी नुसतं "सवय आहे" म्हणू नकोस.

तुझाच,
आणि अजूनही थोडासा जळणारा,
दादा